मामाचा निळा पास होईना

कोपरखैरणे
१२ जानेवारी २०२५

सिताराममामा, जयभीम.

पाकीट बघून घाबरू नका, घरात सगळे ठणठणीत आहेत. माझ्या लग्नाची तारीख धरली. रविवार, ११ मे. आणि लग्न गावात, विहाराच्या अंगणात. सौरभच्या घरच्यांना वाटलं होतं आम्ही इकडेच कुठेतरी हॉल घेऊ, पण आई म्हणाली, पोरीचं लग्न तिच्या मामाच्या दारात होणार. संपला विषय.

आता कामाचं. पत्रिका तुम्ही काढायची.

मी तुर्भ्याच्या प्रेसमध्ये नेमकं काय करते ते तुम्ही दर दिवाळीला विचारता आणि दर दिवाळीला विसरता. परत सांगते. गिऱ्हाईक चित्राची फाईल पाठवतं. ती छपाईच्या लायकीची आहे का, ते मी बघते. नसेल तर परत पाठवते. प्रेसमध्ये मला ‘रिजेक्ट मॅडम’ म्हणतात, तोंडावर. आठवड्याला तीस-चाळीस लग्नपत्रिका माझ्यापुढून जातात. नावं झाकली तर सगळ्या एकच. नेटवरून उचललेलं तेच सोनेरी कमळ, तीच वेल. मला कंटाळा आलाय हो. माझ्या पत्रिकेवर आपल्या माणसाचा हात पाहिजे.

चौदा एप्रिलला, जयंतीला, अख्खं गाव मुंबईहून घरी येतं. तेव्हा पत्रिका हातोहात वाटून होतात, घरोघर फिरायला नको. म्हणजे त्याच्या आधी छापून तयार पाहिजेत.

आकार सात इंच बाय पाच इंच. चारी बाजूंना तीन-तीन मिलिमीटर रंग जास्तीचा सोडा. मोबाईलवर फोटो काढून व्हॉट्सॲप करू नका, त्यात चित्र बारीक होतं आणि छापल्यावर ठिगळं दिसतात. मूळ चित्रच पाठवा. फोन करत नाही, कारण कामाचं बोलणं तुम्ही लेखीच करता हे मला माहीत आहे.

तुमची
मित्रा

*

कोंडगाव, ता. माणगाव
२० जानेवारी

मित्रा बाय,

जयभीम. तुझं पत्र काशीने मोठ्याने वाचलं. मग आतल्या खोलीत जाऊन पुन्हा एकदा वाचलं, आणि नाक ओढत बाहेर आली. बायका अशाच. मी आपला गोठ्याकडे गेलो, तिकडे मला काम होतं. गोठ्यात गुरं नाहीत ही गोष्ट वेगळी.

सौरभ इंजिनियर आहे हे तू फोनवर तीनदा सांगितलंस. माणूस कसा आहे ते एकदाही नाही. ते लिही.

पत्रिका मी नाही काढणार तर कोण काढणार? फ्लेक्सवाल्यांनी माझं दुकान बसवलं त्याला सहा वर्षं झाली. पूर्वी महिन्याला दहा शटरं असायची, आता वर्षाला दोन भिंती. फ्लेक्स आल्यावर गावाला पेंटरची गरज उरली नाही. तुझं पत्र आलं त्या दिवशी ब्रश रॉकेलमध्ये भिजत घातले.

पण बाय, सात इंच बाय पाच इंच? एवढ्या जागेत मी टिंब काढतो! जन्मभर शटर रंगवलेला माणूस मी, माझा हात खांद्यापासून फिरतो, बोटातून नाही. तेव्हा मी अठ्ठावीस इंच बाय वीस इंच प्लायवूडवर काढलं आहे. बरोबर चौपट, हिशेब करून. लहान करायला तुमच्याकडे मशीन आहे.

मागे सगळा निळा. मध्ये पिंपळाचं एक पान, त्यात तुमची दोघांची नावं. निळा मी उस्तादांच्या मापाने केला. पेणचे माझे उस्ताद वारले, माप ठेवून गेले. चार चमचे निळा, अर्धा पांढरा, काडीच्या टोकाला काळा. एरवी मी अंदाजाने करतो, पण भाचीच्या पत्रिकेला अंदाज नको. चमच्याने मोजून केला. तो काशीचा आमटीचा चमचा होता हे तिला अजून माहीत नाही.

कडेला पिवळी किनार मारली आहे, अगदी काठाला. बोर्ड माणगाव-पनवेल गाडीच्या कंडक्टरकडे देतो आहे. ओळखीचा आहे. पावसापाण्याची भीती नाही, इनॅमल आहे.

तुझा मामा
सिताराम पेंटर

*

कोपरखैरणे
२ फेब्रुवारी

मामा,

बोर्ड मिळाला. पनवेलवरून रिक्षात मी आत आणि बोर्ड अर्धा बाहेर. सोसायटीच्या वॉचमनला वाटलं, मी निवडणुकीला उभी राहिलेय.

पण चित्र! मामा, काय सांगू. आई पदराने त्याची धूळ पुसत बसली. धूळ नव्हतीच त्यावर.

तुमच्या इनॅमलने मात्र आमच्या स्कॅनरला हात टेकायला लावले. एवढा बोर्ड काचेवर मावत नाही, आणि चमकतो इतका की त्यात माझंच तोंड दिसतं. शेवटी गच्चीत सावलीला उभा केला आणि प्रेसच्या मोठ्या कॅमेऱ्याने तुकड्या-तुकड्याने फोटो काढले. उजेड मऊ पडावा म्हणून समोर पांढरी चादर धरायची होती. सौरभने दोन तास चादर धरली, हात खाली घेतला नाही, आणि मध्ये ‘किती वेळ’ असं एकदाही विचारलं नाही. माणूस कसा आहे विचारलं होतंत ना? असा आहे.

आता रागवायचं नाही. किनार रिजेक्ट.

कारण ऐका. पत्रिका छापून झाल्या की शे-दोनशेचा गठ्ठा एकदम पात्याखाली जातो. कागद केसभर तरी सरकतोच. किनार अगदी काठाला असेल तर एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला गायब. म्हणून किनार आत घ्यायची आणि रंग काठाच्या बाहेरपर्यंत न्यायचा, म्हणजे पातं कुठेही पडलं तरी पांढरी फट दिसत नाही. तो जास्तीचा रंग कापून फेकायचाच असतो. मी तुमची किनार पाव इंच आत घेतली आहे आणि निळा बाहेर वाढवला आहे.

सोबत प्रूफ, म्हणजे छपाईआधीचा नमुना. खाली ‘पास’ लिहून सही करून पाठवा. सहीशिवाय आमच्याकडे छपाईची प्लेट बनत नाही, मग मालकाचं स्वतःचं काम असलं तरी.

मित्रा

*

कोंडगाव
११ फेब्रुवारी

मित्रा,

किनार नसलेला बोर्ड म्हणजे पदर नसलेली साडी. चाळीस वर्षं मी काठाला किनार मारतो आहे, आणि तू मला शिकवणार? दोन दिवस तुझ्यावर राग धरून होतो.

तिसऱ्या दिवशी काशीच्या अंगणवाडीतले जुने कागद घेतले, प्रत्येकाच्या काठाला पेन्सिलीने रेघ मारली, गठ्ठा केला आणि कोयत्याने एका घावात कापला. एका कागदाला रेघ राहिली असेल तर शपथ. किनार आत घे. तुझं बरोबर आहे. ते कागद जुने नव्हते असं आता काशी म्हणते आहे. तो वेगळा विषय.

पण प्रूफ पास नाही. निळा मळका आहे. धूळ बसल्यासारखा. आणि तुमच्या प्रेसने कागद कुठला वापरला? पिवळट आहे. वाण्याच्या पुडीचा कागद याहून पांढरा असतो. भाचीची पत्रिका आणि असला कागद! शेठला सांग, मामा म्हणाला.

सौरभ पास आहे.

सिताराम पेंटर

*

कोपरखैरणे
२३ फेब्रुवारी

मामा, जयभीम.

कागद पिवळट? आमच्याकडचा सगळ्यात पांढरा कागद आहे तो. बसमध्ये ऊन लागलं असेल का? जाऊ दे, नव्या तावावर काढलं आहे.

निळ्याचं टेन्शन मात्र खरं आहे. छपाईत चारच शाया असतात. आकाशी, गुलाबी, पिवळी, काळी. बाकी सगळे रंग त्यांच्या बारीक ठिपक्यांतून होतात. आकाशीत गुलाबी मिसळली की निळा, आणि गुलाबी जरा जास्त झाली की गेला जांभळ्यात. कॉम्प्युटरवर झकास दिसतो, कारण तिथे उजेडाचा निळा असतो. कागदावर शाईचा असतो. आपल्या लोकांच्या कितीतरी पत्रिका मी अशा जांभळ्या झालेल्या बघितल्या आहेत. आणि आपला निळा जांभळा होऊन कसं चालेल?

म्हणून दोन प्रूफं पाठवते आहे. दुसऱ्या नंबरचं चार शायांचं, गुलाबी अजून कमी करून. तिसऱ्या नंबरचं खास आहे. आमचे मशीनमन अय्युबभाई आहेत, मूळचे म्हसळ्याचे. त्यांनी काचेवर शाई घोटून फक्त तुमच्यासाठी पाचवा निळा बनवला. बोर्ड समोर ठेवून तीन वेळा जमवला. म्हणाले, “तुजा मामू लय कडक दिसतोय. आमच्या अब्बांसारखा.” ही त्यांच्याकडून शाबासकी आहे.

तारीख लक्षात आहे ना? सही करा हो मामा.

मित्रा

*

कोंडगाव
४ मार्च

मित्रा,

दोन्ही पास नाहीत.

दोन नंबर मळका. तीन नंबर त्याहून मळका. अय्युबभाईंना माझा सलाम सांग, पण त्यांना म्हणावं, शाई घोटताना चहा बाजूला ठेवा. कागद अजून पिवळाच आहे.

तुम्हाला निळा म्हणजे काय हेच कळत नसेल, तर हा बघा. पुठ्ठ्यावर मी स्वतः रंग काढून पाठवतो आहे. या वेळी माप नाही, सरळ डोळ्याने जमवला, मनासारखा होईपर्यंत. मागे ‘योग्य निळा’ लिहून सही केली आहे. याला जुळवा.

अक्षर मोठं झालं आहे असं वाटेल. बोर्डवाल्याचा हात आहे, लहान लिहायला कंटाळतो.

सिताराम पेंटर

*

कोपरखैरणे
१० मार्च

मामा,

पुठ्ठा मिळाला.

प्रूफ आत्ता पाठवत नाही. आधी कागदाचा घोळ मिटवू. सोबत दोन कोरे तुकडे आहेत, मागे क आणि ख लिहिलं आहे. दोन्हीत पांढरा कोणता, एवढंच कळवा. उलट टपाली.

मित्रा

*

कोंडगाव
१६ मार्च

मित्रा,

दोन्ही एकाच रिमातले कागद पाठवतेस आणि पांढरा कोणता विचारतेस? मामाची परीक्षा घेतेस काय गं? दोन्ही सारखेच पिवळे आहेत. मला येडा समजू नकोस.

जयंतीला महिना राहिला. चेष्टा पुरे, प्रूफ पाठव.

सिताराम

*

कोपरखैरणे
१९ मार्च

मामी,

हे पत्र अंगणवाडीच्या पत्त्यावर मुद्दाम पाठवते आहे. मामांना दाखवू नकोस.

मामांनी ‘योग्य निळा’ म्हणून जो पुठ्ठा पाठवला, तो मी प्रेसमध्ये उघडला आणि अय्युबभाई दोन पावलं मागे सरकले. निळा नाही गं तो. भडक जांभळा, डोळ्यात खुपणारा. मला आधी वाटलं, मामा रागाच्या भरात काहीही करून बसले. पण मग ते कागद पिवळा, कागद पिवळा म्हणतात, ते आठवलं. म्हणून दोन तुकडे पाठवले. एक बर्फासारखा पांढरा होता आणि एक सायीच्या रंगाचा. शाळेतलं पोर सांगेल असा फरक. मामांनी लिहिलं, दोन्ही सारखेच पिवळे.

माझं कामच आहे ते मामी. रंग चुकला की मी आधी शाई बघते, मग कागद, मग फाईल. या वेळी तिन्ही बरोबर निघालं. उरला बघणाऱ्याचा डोळा. खरं सांग, मामांना नीट दिसतंय का?

मित्रा

*

कोंडगाव
२३ मार्च

बाय मित्रा,

तुला कसं समजलं गं? मी हितं एका घरात ऱ्हाते, तरी यांनी मला पयलं वर्सभर समजू दिलं नव्हतं.

मोतीबिंदू हाय. दोनी डोल्यांत. मागच्या साली तालुक्याला शिबिर होतं, तवा डॉक्टरनी सांगितलं, लवकर करून घ्या, सोपं हाय. हे बोलले दिवाळीनंतर. दिवाळी गेली. मग तुजं पत्र आलं, तर बोलले, मित्राची पत्रिका होऊ दे, मंग बघू. चहा कपाच्या भायेर वततात. परवा उंबऱ्याला ठेचकाळले आनि उंबऱ्यालाच शिव्या दिल्या. चालीस पोरांना मी डोले तपासायला नेते, पन घरातला हा एक बाप्या माज्याच्यानं हलत नाय.

भीती हाय त्यांना. मला बोलले एकदा, डोल्याला सुरी लावली आनि असलेली नजर गेली तर ब्रश गेला, आनि ब्रश गेला तर मी कोन? वर हे कुनाला सांगू नको म्हनून माजी शपथ घातली. आता तू आपल्या आपनच वलखलंस, तर माजी शपथ काय मोडली नाय.

तुजं ऐकतात ते. काय तरी कर बाय.

काशी

*

कोपरखैरणे
२५ मार्च

प्रति,
सिताराम पेंटर, कोंडगाव.

विषय: फाईल रिजेक्ट.

आपण पाठवलेलं काम तपासलं. चित्र उत्तम. अक्षर उत्तम. किनार आत घेतल्यावर उत्तम. शाईत दोष नाही, कागदात दोष नाही. दोष प्रूफ तपासणाऱ्याच्या डोळ्यात आहे. सबब, डोळ्याचं ऑपरेशन होईपर्यंत आपली सही प्रेसला चालणार नाही, आणि सहीशिवाय प्लेट बनणार नाही.

मामा, हे झालं प्रेसचं. आता माझं ऐका.

मामीने मला काहीही सांगितलेलं नाही. तुम्हीच सांगितलंत, क आणि ख मधून. मला राग आलाय तुमचा. माझ्या पत्रिकेसाठी तुम्ही डोळा पुढे ढकलताय? मला पत्रिका पाहिजे ती तुमच्या हातची म्हणून, आणि तुम्ही तो हातच अंधारात चालवताय. पत्रिका जयंतीला वाटल्या नाहीत तर नाही. मी फोनवर आमंत्रणं देईन. पण तुमच्या सहीशिवाय ती छापणार नाही आणि दुसऱ्या कुणाची घेणार नाही. बसा मग.

सोमवारी, ३१ तारखेला, पनवेलला डॉक्टरांची वेळ घेतली आहे. आधी उजवा डोळा. अर्ध्या तासाचं काम, त्याच दिवशी घरी. अय्युबभाईंचे दोन्ही डोळे तिथेच झाले आणि तुमचा निळा त्यांनी त्याच डोळ्यांनी जमवला. सौरभ रविवारी गाडी घेऊन येतोय. त्याला चहा द्या आणि त्याच्याबरोबर या.

हात जोडते मामा. या.

मित्रा

*

कोंडगाव
२९ मार्च

मित्रा,

पत्र मिळालं. मी काही येणार नाही. मला कुणी रिजेक्ट करायचं काम नाही.

चिठ्ठी कंडक्टरकडे देतो आहे, टपालाने रविवार गाठणार नाही. सौरभ किती वाजता पोचतो? त्याला मटण चालतं का, ते काशी विचारते आहे.

सिताराम

*

कोपरखैरणे
८ एप्रिल

मामी गं,

फोनवर तू विचारलंस, प्रेसमध्ये काय झालं, आणि मी म्हटलं, लिहून पाठवते. कारण फोनवर मला नीट सांगता आलं नसतं, मी मध्येच रडले असते. आत्ताही हसत-रडतच लिहितेय.

पट्टी काढली त्या दिवशी मामा खिडकीशी बसून एकदा उजवा डोळा झाकत होते, एकदा डावा. मी विचारलं, काय चाललंय? म्हणाले, “उजव्याने बघितलं तर तुझी भिंत पांढरी आणि डाव्याने बघितलं तर तिच्यावर चहा सांडलाय.” मग आईकडे बघून म्हणाले, “रखमा, तू किती म्हातारी झालीस गं!” आईने दोन तास त्यांच्याशी अबोला धरला.

काल डॉक्टरांनी हो म्हटल्यावर त्यांना तुर्भ्याला नेलं. काळा चष्मा लावून असे आले की वॉचमनने सलाम ठोकला. अय्युबभाईंनी टेबल रिकामं करून ठेवलं होतं. वर पांढरी ट्यूब, खाली ओळीने मांडलेलं सगळं. प्लायवूडचा बोर्ड, एक नंबर, दोन नंबर, तीन नंबर, आणि शेवटी तो पुठ्ठा.

मामांनी चष्मा काढला. डावा डोळा तळहाताने झाकला. नजर सरळ पुठ्ठ्यावर गेली आणि ओरडलेच, “हा वांग्याचा रंग कुठल्या गाढवाने काढला?”

मी छताकडे बघत होते. अय्युबभाई हळूच म्हणाले, “मामू, मागं नाव लिवलंय. वाचा.”

मामांनी पुठ्ठा उलटला. वाचलं. मामी, अख्खं प्रेस हसलं. मशीनचा आवाज असून ऐकू गेलं. मामा पण हसले, पोट धरून हसले, अय्युबभाईंच्या खांद्यावर थापा मारल्या, आणि मग हसता-हसता स्टुलावर बसले ते उठेनात. मी घाबरले. बघते तर एक नंबरचं प्रूफ त्यांनी बोर्डाला लावून धरलं होतं. पहिलंवहिलं, फेब्रुवारीतलं. दोन्ही निळे इतके एक होते की कागद कुठे संपतो ते कळत नव्हतं.

म्हणाले, “मित्रा, हे तर पहिल्याच दिवशी बरोबर होतं.”

मी म्हटलं, “हो मामा.”

“आणि बोर्डाचा निळा? तो बरोबर आहे?”

“उस्तादांच्या मापाचा आहे. एकदम बरोबर आहे.”

मग म्हणाले, “मला वाटत होतं हात गेला. वर्षभर वाटत होतं. ब्रश धरला की मनासारखं उतरत नव्हतं. मी म्हटलं, सिताराम, संपलास तू. आणि हात आपला बरोबरच होता गं.” असं म्हणून त्यांनी उजवा हात माझ्यासमोर धरला, जसं काही मी तो तपासणार होते. मी धरला तो हात. अय्युबभाई फडकं शोधायच्या निमित्ताने पलीकडे गेले.

एक नंबरच्या प्रूफवर त्यांनी सही केली. नुसती सही नाही, ‘पास’ असं लिहिलं, खाली सावली काढली, त्याला किनार मारली. पाऊण तास लागला. प्लेटवाले थांबून होते, कुणी घाई केली नाही. संध्याकाळी पाचला पहिला ताव मशीनमधून आला. अय्युबभाईंनी तो कुणाला हात लावू दिला नाही. “मामू, तुमी उचला,” म्हणाले.

गुरुवारी मामांना पत्रिकांसकट पाठवते. सौरभच सोडणार आहे. तुझ्या मटणाचं त्याने इथे फार कौतुक केलं आहे, त्यामुळे त्याला काही दुसरा हेतू नाही असं मी म्हणणार नाही. मामांचे थेंब दिवसातून चार वेळा, शिडीवर चढायचं नाही, धुळीत जायचं नाही. ते तुला उलटं सांगतील.

तुझी
मित्रा

*

कोंडगाव
२० एप्रिल

मित्रा बाय, जयभीम.

पत्रिका सगळ्या वाटल्या. चौदा तारखेला मिरवणूक निघायच्या आधी मी विहाराच्या पायरीवर बसलो होतो आणि लोक रांग लावून घेत होते. बोरिवलीची सुचिता म्हणाली, दादा, ही पत्रिका मी फ्रेम करणार. मी म्हटलं, काठापासून जरा आत धरून कर, सरकलं तर किनार जाईल.

आता जे लिहितो ते काशी सोडून कुणाला माहीत नाही.

पत्रिका वाटून झाल्यावर मी सहज मान वर केली आणि विहाराची कमान बघितली. दोन वर्षांपूर्वी जयंतीला मीच रंगवली होती. अंदाजाने, डोळ्याने रंग जमवून. मित्रा, ती निळी नाही. जांभळी आहे. जर्द जांभळी, त्या पुठ्ठ्याची सख्खी बहीण. रस्त्यावरून येणाऱ्या माणसाला पहिली तीच दिसते. दोन जयंत्या त्या कमानीखालून निघाल्या, ही तिसरी. अख्ख्या तालुक्यातली माणसं येऊन गेली. आणि मला कुणी एक शब्द बोललं नाही.

मी जयप्रकाशला बाजूला घेतलं. विहाराची कमिटी त्याच्याकडे आहे. म्हटलं, खरं सांग, कमानीचा रंग कुठला? तो इकडे बघे, तिकडे बघे. मग म्हणाला, “दादा, तुम्ही चार दिवस उन्हात शिडीवर उभे होतात. कोण बोलणार तुम्हाला?” मग हळूहळू सगळं बाहेर आलं. मागच्या वर्षी पोरांनी ठरवलं होतं की वर निळा फ्लेक्स लावून टाकू, कुणाला कळणार नाही. फ्लेक्सवाला माप घ्यायला आला पण होता. तर कमिटीने त्याला परत पाठवला. म्हणाले, कमान सितारामदादांनी रंगवली आहे, तिच्यावर फ्लेक्स चढणार नाही. जांभळी तर जांभळी.

मी सहा वर्षं म्हणत होतो की गावाला पेंटरची गरज उरली नाही. त्या रात्री मी आणि काशी ओटीवर बसून होतो. मी रडलो, आणि गोठ्याकडे गेलो नाही.

कमान परत रंगवायला घेतली आहे. घाबरू नकोस, शिडीवर मी नाही. काशीने माझी खुर्ची कमानीपासून वीस पावलांवर आखून ठेवली आहे, त्याच्या पुढे सरकायला मनाई आहे. रंग मी मोजून देतो. जयप्रकाश एका शिडीवर, सुचिताची पोरगी उन्नती दुसऱ्या शिडीवर, बाकीचे खालून डबे पोचवतात. सुट्टी संपली तरी चौघं-पाच जण मुंबईला परत गेले नाहीत. मी काळा चष्मा वर करून एका डोळ्याने बघतो आणि पास नसेल तर सांगतो, खरवडा. तीन दिवसांत दोनदा सगळं खरवडायला लावलं. एकानेसुद्धा तोंड वाकडं केलं नाही. उलट उन्नती शिडीवरून ओरडून विचारते, “आजोबा, आता बघा, आता झाला का निळा?”

अकरा मेच्या आत झाला पाहिजे. तुला त्या कमानीखालून आत आणायचं आहे.

तुझा मामा
सिताराम पेंटर